रुळांपाशी विनाकारण थांबल्या

माझं लायसन्स त्यांनी माझ्यासमोर भोक पाडून रद्द केलं. कागद फायलीला लावताना भोक पाडायचं जे यंत्र असतं, त्यानं. भोक बरोबर माझ्या फोटोच्या कपाळावर पडलं. सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवली, कुणाच्या गाडीला साधा ओरखडा काढला नाही, आणि लायसन्स ऑफिसच्या खिडकीतल्या बाईनं पापणीही न हलवता ते माझ्यासमोर सरकवलं.

"हे आता चालणार नाही," ती म्हणाली.

"कपाळावर भोक पडल्यावर कोण चालतं?" मी म्हणाले. ती हसली नाही. त्या ऑफिसात हसायला बहुधा वेगळा अर्ज करावा लागत असेल.

नियम सोपा होता. दुसऱ्या राज्यातून राहायला आलात की नव्वद दिवसांत जुनं लायसन्स जमा करायचं आणि नवं घ्यायचं. परीक्षा नाही, काही नाही. नव्वद दिवस उलटले तर मात्र पुन्हा पहिल्यापासून गाडी चालवून दाखवायची. मला येऊन सत्तर दिवस झाले होते, म्हणून मी निर्धास्त होते. पत्त्याचा पुरावा म्हणून जावयाच्या घराचा भाडेकरार नेला होता. मी येणार म्हणून जावयानं एक खोली जास्तीचं घर घेतलं, करारात माझं नाव घातलं, आणि माझ्या खोलीला रंग लावून घ्यायला ते महिनाभर आधीच ताब्यात घेतलं. भला माणूस आहे. त्याच्या भलेपणानंच माझा घात केला.

"करारावरची तारीख बघा," खिडकीतली बाई म्हणाली. "अठ्ठ्याण्णव दिवस झालेत."

"तेव्हा मी इथे नव्हतेच. तिकडे बस चालवत होते. शाळेचं पत्र आहे माझ्याकडे."

"ते नोकरीचं पत्र. मला राहण्याचा पुरावा लागतो."

"म्हणजे मी राहत होते इथे आणि बस चालवत होते पाचशे किलोमीटरवर?"

"कागदावर तसंच दिसतंय, काकू."

आणि तिनं भोक पाडलं. आधी भोक, मग परीक्षेची तारीख. मी वर हसण्यावारी नेलं, पण मनात दिवस मोजायला लागले. कारण बावीस दिवसांनी शाळा सुरू होणार होत्या. इथल्या शाळांच्या बस जिथून सुटतात त्या डेपोच्या साहेबांनी माझ्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. "शाळा उघडेल त्या सोमवारी लायसन्स घेऊन या. नाही आलात तर मला दुसरं कुणी बघावं लागेल," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. नवरा गेल्यावर लेकीनं हट्टानं मला इकडे आणलं, हे खरं. पण लेकीच्या घरी बसून आयतं खायला मी आले नव्हते. मी चौपन्न वर्षांची होते, हातपाय धड होते आणि मला एकच गोष्ट उत्तम येत होती. ती गेली असती तर मी त्या नव्या रंगाच्या खोलीत बसून भिंती बघितल्या असत्या.

परीक्षेला जावयाची गाडी नेली. परीक्षक माझ्या लेकीपेक्षाही लहान. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमटा, चिमट्यात छापील कागद. सगळं नीट झालं. वळणं, चढ, उलटी गाडी घेणं. उलटी गाडी घेताना तर तो स्वतःच म्हणाला, "वा." मग त्यानं गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला घ्यायला लावली, आणि पुढे रूळ आले. एका कारखान्यात माल नेणाऱ्या गाडीचे रूळ, त्यांना फाटक नाही, नुसती एक पाटी.

आता इथे मला माझं काम सांगायला हवं. शाळेची बस रुळांपाशी थांबते. फाटक असो नसो, गाडी येत असो नसो. रुळांच्या दहा पावलं अलीकडे बस उभी करायची, पंखा बंद, गाणी बंद, आपली खिडकी खाली आणि दार उघडायचं. मग ऐकायचं. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, पुन्हा डावीकडे. मगच पहिल्या गिअरमध्ये, मध्ये गिअर न बदलता, पलीकडे जायचं. मी बस थांबवली की मागे वळून "शू, ऐका!" म्हणायचे आणि चाळीस पोरं एका दमात गप्प व्हायची. शिक्षकांना जे जमत नसे ते रुळांना जमत असे. पोरं मला ऐका मावशीच म्हणत. माझं खरं नाव त्यांच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.

हे सगळं मी त्या दिवशी काही ठरवून केलं नाही. रूळ दिसले आणि पायानं गाडी थांबवली. हातानं रेडिओ बंद केला, खिडकी खाली केली. आणि दुसऱ्या हातानं दार उघडलं.

"अहो, उतरताय कुठे?" परीक्षक ओरडला.

"शू," मी म्हणाले, "ऐका."

मागून हॉर्न सुरू झाले. परीक्षक लाल झाला. मी दार लावलं, रूळ ओलांडले आणि गाडी ऑफिसात परत आणली. मग त्यानं कागद माझ्या हातात दिला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'रुळांपाशी विनाकारण थांबल्या. चालत्या रस्त्यात दार उघडले. नापास.'

"विनाकारण?" मी म्हणाले. "रूळ आहेत ना तिथे?"

"मॅडम, तिथून गाडी दिवसातून दोनदा जाते. दुपारी जातच नाही. हे सगळ्यांना माहीत आहे."

"रुळांना माहीत आहे का?"

"ही कारची परीक्षा आहे. कारनं हळू करायचं, बघायचं आणि जायचं. बस चालवाल तेव्हा थांबा की खुशाल."

"बस चालवायला द्याल तेव्हा ना!"

पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. म्हणजे शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी. त्या दिवशी घरी येऊन मी जे बोलले ते लेकीनं दार लावून घेऊन ऐकलं, कारण नात पलीकडे खेळत होती. नियम मला कळत नाहीत असं नाही. तो पोरगा त्याच्या पुठ्ठ्यापुरता बरोबरच होता, हेही मला कळत होतं, आणि त्यानंच अंगाचा जास्त तिळपापड होत होता. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. बरोबर असलेल्या मूर्खाशी कसं भांडणार?

"आई, एक दिवस," लेक म्हणाली. "एक दिवस नको ना थांबूस. मग आयुष्यभर थांब."

तिला वाटलं, थांबणं म्हणजे मनावर घ्यायची गोष्ट. थांबत मी नव्हते, माझा पाय थांबत होता.

मग पंधरा दिवस मी आणि जावई रोज संध्याकाळी त्या रुळांवर गेलो. लायसन्सवाला माणूस शेजारी बसला असेल तर शिकाऊ परवान्यावर गाडी चालवता येते. सव्वीस वर्षांनंतर मी शिकाऊ झाले होते. तो शेजारी बसून दोन्हीकडे बघायचा आणि म्हणायचा, "मोकळं आहे आई, चला, चला, चला." आणि मी चालले की म्हणायचा, "शाब्बास." पहिल्या दिवशी नऊ वेळा गेलो, नऊही वेळा थांबले. तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. आठव्या दिवशी मी पहिल्यांदा न थांबता पलीकडे गेले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. अकराव्या दिवसापासून मात्र त्याला "चला" म्हणावंच लागलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तोच परीक्षक होता. रूळ आले. मी वेग कमी केला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि गेले.

"बघा," तो खूश होऊन म्हणाला, "किती सोपं होतं."

मी दात खाल्ले आणि गाडी ऑफिसाकडे वळवली. खिडकीतल्या बाईनं नवं लायसन्स छापायला घेतलं. मोठ्या गाडीसाठी आता कुठली परीक्षा, असं मी विचारलं, तर म्हणे, ती लागत नाही, जुन्या राज्याची मोठ्या गाडीची नोंद जशीच्या तशी इकडे येते. म्हणजे मला बस चालवता येते हे त्यांना आधीपासून मान्यच होतं! शंका फक्त कारची होती. हे ऐकून मी जो फोटो दिला तो अजून लायसन्सवर आहे. नात म्हणते, आजी यात चावायला निघाल्यासारखी दिसते.

सोमवार आला. डेपोच्या साहेबांनी लायसन्स बघितलं, वही पुढे केली, सही घेतली. नवी ड्रायव्हर पहिल्या दिवशी बाहेर पडली की ते स्वतः बरोबर जातात, ही त्यांची पद्धत. ते माझ्या मागच्या सीटवर बसले. बावीस पोरं गोळा केली. नवी शाळा, नवी दप्तरं, बसमध्ये नुसता कलकलाट. शाळेचा रस्ता त्याच रुळांवरून जात होता.

रूळ दिसले. मी वेग कमी केला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

पाय ब्रेकवर गेलाच नाही.

मी बसमध्ये आहे हे मला पाटीच्या पुढे गेल्यावर कळलं. मी ब्रेकवर उभीच राहिले. बस रुळांच्या हातभर अलीकडे थांबली. दप्तरं पुढे आली, पोरं सीटवर आपटली, एका लहान मुलीचं नाक पुढच्या दांडीवर लागलं आणि ती रडायला लागली. गाडीबिडी काही येत नव्हती. दुपारी येत नाही, तशी सकाळीही येत नसेल. मी खिडकी खाली केली, दार उघडलं, पण ऐकू कसलं येतंय, माझ्याच छातीत धडधडत होतं.

"पहिला दिवस आहे. होतं असं," साहेब मागून म्हणाले आणि त्या मुलीला रुमाल दिला.

पोरांना शाळेत सोडून डेपोत आल्यावर मी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. भोक, तारीख, दार, पंधरा संध्याकाळी. "सव्वीस वर्षांत हे झालं नव्हतं," मी म्हणाले. "माझ्या पायातून त्यांनी ते काढून घेतलं, साहेब. आणि मी त्यांना काढू दिलं. एका कार्डासाठी." रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले. रागानं रडले, हे त्यांना कळलं असावं.

 साहेबांनी घड्याळ बघितलं.

"शाळा सुटायला साडेचार तास आहेत," ते म्हणाले. "तोवर बस रिकामीच आहे." त्यांनी किल्ली माझ्यापुढे सरकवली आणि टोपी घातली.

ते अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसले. आम्ही रूळ ओलांडले, पुढच्या चौकातून वळलो, पुन्हा रूळ ओलांडले. जाताना थांबले, येताना थांबले. प्रत्येक वेळी रूळ दिसले की मी मनात म्हणायचे, आता थांब, आणि थांबायचे.  ते थांबणं खरं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. सांगून थांबणारा पाय पोरांच्या कलकलाटात काय कामाचा? एकोणीस फेऱ्या झाल्या, वीस झाल्या. रस्त्याकडेच्या टपरीवाल्यानं आम्हाला दोनदा हात केला, मग तिसऱ्यांदा नुसतंच बघितलं.

बाविसाव्या की तेविसाव्या फेरीला साहेबांनी मागून विचारलं, "तो परीक्षक नक्की काय म्हणाला तुम्हाला?"

बस्स. मी सुटले. "काय म्हणाला? किती सोपं होतं म्हणाला! कालचं पोर, मिसरूड फुटून चार दिवस झाले नाहीत आणि मला शिकवतो! म्हणे दुपारी गाडी जात नाही! अरे, तुझ्या बापानं वेळापत्रक लिहिलंय का? एक दिवस चाळीस पोरं मागे घेऊन बस म्हणावं, मग सांग विनाकारण म्हणजे काय! त्या पुठ्ठ्यासकट त्याला एकदा धरून त्या..."

वाक्य तिथेच राहिलं. बस उभी होती. पंखा बंद होता. माझी खिडकी खाली होती आणि दार उघडं होतं. रूळ दहा पावलांवर होते. मी हे कधी केलं ते मला आठवेना.

"मावशी," साहेब शेवटच्या सीटवरून हळू म्हणाले, "शू. ऐकू द्या."

आम्ही दोघांनी ऐकलं. बाहेर फक्त वारा होता. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. मग पहिल्या गिअरमध्ये बस पलीकडे नेली आणि शिवी पूर्ण केली.