कंट्रोलचा तुकडा

“काका, ही काच तिसऱ्यांदा रंगवलीत ना?” सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढताच डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“हो. दुसऱ्या वेळी पाणी जास्त तापलं असेल, असं वाटलं.”

“आणि पहिल्या वेळी?”

“पहिल्या वेळचं आठवत नाही.”

मॅडमनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस एकतीस वर्षं याच खोलीत रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या तुकड्यांचे पापुद्रे कापून काचेवर चढवत होता. त्याला कामातलं काही आठवलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

काचेवर दोन तुकडे होते. डावीकडचा कुणा निरोगी पोटाचा. त्याला सगळे कंट्रोल म्हणत. तो रंगला नाही, तर चूक हाताची. काच टाकून द्यायची. तो रंगला आणि शेजारचा रंगला नाही, तर हाताला दोष देता येत नाही. प्रत्येक काचेवर हा तुकडा हवाच, ही शिस्त त्यानेच लावलेली.

उजवीकडचा तुकडा त्याच्या ताईच्या जठराचा होता.

“या, बघा तुम्हीच.”

त्याने डोळा लावला. डावीकडे प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ होती, मधाच्या पोळ्यासारखी. उजवीकडे पेशी होत्या, पण रेघ नव्हती. एकेक पेशी सुटी, इथे-तिथे पांगलेली.

काम बिघडावं, असं त्याने जन्मात पहिल्यांदा मागितलं होतं. तिन्ही वेळा कंट्रोल लख्ख रंगला.

“ऑपरेशन?” त्याने विचारलं.

“एका जागी गाठ असती, तर सर्जन काढणार होते. स्कॅनमध्ये पोटात ज्या पुसट सावल्या दिसतायत, त्यांचा उलगडा आता झाला. यातलं काय काय कापणार, काका? औषध देतील. जमेल तितके दिवस.”

ताई बाहेर बाकावर बसली होती. चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलेली बाई. आई गेल्यावर त्यालाही तिनेच वाढवलेलं. त्याचा चेहरा बघून म्हणाली, “काय रे, नापास?”

तो शेजारी बसला.

“सांग की. पहिलीतल्या पोराला सांगतात तसं सांग. उगाच जड शब्द नकोत.”

“पेशी एकमेकींना धरून असतात, ताई. त्यांच्या कडेला एक प्रथिन असतं, हातासारखं. शाळा सुटल्यावर तुझ्या पोरांची हात धरून रांग असायची ना, तशी.”

“बरं. मग?”

“एखादं जनुक बिघडतं. आत बसून भलतेच हुकूम सोडतं. हात काढून घे, म्हणतं. पेशी ऐकते. सुटते, नि वाट फुटेल तिकडे जाते.”

ताई म्हणाली, “म्हणजे पोरं वाईट नाहीत. कुणीतरी कान भरलेत त्यांचे.”

“हं.”

“आणि पुन्हा हात धरायला लावणारं औषध?”

“अजून नाही.”

“मग एकतीस वर्षं काय केलंस रे तिथे?” ती हसली. त्याला हसू आलं नाही. “बरं, मला कापणार नाहीत तर?”

त्याने नाही म्हणून मान हलवली.

“चल घरी. सकाळपासून उपाशी असशील.”

दवाखान्यासमोरचा रस्ता रुंद होता. रस्ता ओलांडताना ताई मुलांना पंजा धरू देत नसे. पंजा घामाने निसटतो, मनगट धरा, म्हणायची. तो आठ वर्षांचा असतानाही तिने त्याचं मनगटच धरलं होतं, अगदी दुखेपर्यंत.

कडेला येऊन ती थांबली. सवयीने त्याच्याकडे हात केला, पण तिची बोटं त्याच्या मनगटावर पुरती मिटली नाहीत. मग त्यानेच तिचं मनगट धरलं. बांगडी केव्हाच कोपरापर्यंत सरकली होती. त्याची बोटं मनगटाला पूर्ण वेढा घालून आपल्याच अंगठ्यावर चढली.

“घट्ट धर,” समोरच्या गाड्यांकडे बघत ताई म्हणाली.

“धरलंय.”

गाड्या थांबल्या. तो जागचा हलला नाही.

“चल ना रे,” ती म्हणाली. “आपल्यासाठीच थांबल्यात.”