बारा वेळा नाही

गुणाबाईने जेवण सोडल्याचं हॅनाला कळलं ते विनिताकडून. विनिता म्हणजे गुणाबाईची सून. पंचविशीची पोर, दोन महिन्यांपूर्वी विधवा झालेली. नवरा प्रितम याच्या मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला ती हॅनाच्या ऑफिसात आली होती.

"दिवसाला वाटीभर पेज घेते आय, तीपण मी रडले तर," विनिता म्हणाली. "डॉक्टर बोलले, असंच चाललं तर महिना नाय काढायची."

"पण का?"

"मुशीपायी. प्रितम मालदीवला निघाला ना, त्याच्या आदल्या दिवशी आयनं बाजारात मुशी कापली. पोटात सात पिल्लं निघाली, वळवळणारी. तीपण विकली. आता बोलते, मी तिची सात कापली, तिनं माझा एक नेला."

हॅनाने झेरॉक्स काढून दिल्या. पैसे घेतले नाहीत. एवढं औदार्य मात्र लगेच सुचलं हो बाईंना!

हॅना नवगावकर पनवेलच्या एसटी स्टँडसमोर वीस वर्षं ट्रॅव्हल्सचं ऑफिस चालवते. गुणाबाई त्याच पनवेलच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासळी विकणारी. दोघींची ओळख पाटीवरची. हॅना बेने इस्राएल ज्यू, खवल्याशिवायचा मासा तिच्या घरात चालत नाही. त्यामुळे हॅना येताना दिसली की गुणाबाई मुशी फडक्याखाली सारायची आणि रावस पुढे करायची. "तुज्या देवाला चालंल असाच ठेवलाय बग," म्हणून हसायची. दोन वर्षांपूर्वी प्रितमच्या फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली, नळी घालायची वेळ आली, तेव्हा गुणाबाईने पहिला फोन हॅनाला केला होता. तीन दिवस हॅना डबा घेऊन त्याच्या उशाशी बसली होती. पोरगा वाचला. उरणला बंदरावर कामाला लागला, लग्न झालं, आणि यंदा मित्रांबरोबर मालदीवला जायचं खूळ डोक्यात शिरलं. शार्कमध्ये, म्हणजे मुशींमध्येच, पोहायचं!

"काकू, आमच्या आज्यानं जन्मभर मुशी पकडल्या," तो ऑफिसात हसत म्हणाला होता. "मी त्यांना भेटून येतो. रील टाकतो, बघा."

पाण्याखाली उतरण्याआधी तिकडे एक फॉर्म लागतो. दम्याचा त्रास आहे का, हृदयाचा आहे का, छातीत कधी हवा साठली होती का, असे बारा प्रश्न. एकालाही 'हो' लिहिलं की ते डॉक्टरचं पत्र मागतात आणि बुकिंग लटकतं. म्हणून हॅनाच्या ऑफिसात ते प्रश्न कुणी वाचतच नसे. वरपासून खालपर्यंत 'नाही'वर खुणा करायच्या आणि गिऱ्हाईकाची सही घ्यायची. प्रितमचा फॉर्म तिने स्वतः भरला. तो फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्याने सही ठोकली.

मालदीवला तीन दिवस डायव्हिंग शिकवून चौथ्या दिवशी त्याला पाण्याखाली नेलं. मित्राने काढलेला व्हिडिओ अख्ख्या कोळीवाड्याने पाहिला. भोवती पाच-सहा शार्क, आणि मध्ये प्रितम अंगठा दाखवतोय. वर येताना जुन्या छिद्राच्या जागी त्याचं फुप्फुस फाटलं. बोटीत घेतलं तेव्हा तोंडातून रक्त येत होतं, बंदर गाठेपर्यंत सगळं संपलं. तिकडच्या डॉक्टरने कागदावर हे स्वच्छ लिहिलं होतं. पण डॉक्टरी इंग्रजी वाचून दाखवायला घरच्यांनी कागद आणला तो हॅनाकडेच. तिने सांगितलं, "पाण्यात दम अडकला." अंगावर दाताची एक खूण नव्हती. कोळीवाड्याने ठरवलं, मुशीनं दात न लावता पोर नेला. हॅनाने ते ठरू दिलं.

विनिता झेरॉक्स घेऊन गेल्यावर हॅनाने सगळं नवऱ्यापुढे ओकून टाकलं, आणि गुणाबाईला खरं सांगते म्हणाली. सामाजी डोक्याला हात लावून बसला.

"वेड लागलंय का तुला? पोलिसात गेलं म्हणजे ऑफिसला कुलूप. डॅनीला काय सांगू, इस्राएलहून ये आणि आईला जामीन राहा? प्रितम परत येणार आहे का?"

"गुणाबाई तरी जगेल."

"मग निदान एवढं म्हण, त्यानेच 'नाही' लिहायला सांगितलं. मेलेला माणूस काय साक्षीला येतोय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोळीवाड्यात गेली. कुठल्या तोंडाने गेली ते तिचं तिलाच ठाऊक. गुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. ताठ मानेने पाटी वाहणारी बाई, तिच्या गळ्याची हाडं मोजता येत होती. चुलीपाशी विनिता होती.

"ये हॅनाबाय. बस. मासली नाय आता माज्याकडं."

हॅना बसली आणि बोलत सुटली. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. बारा प्रश्न, बारा वेळा नाही, डॉक्टरचा कागद, स्वतःचं खोटं. मागे विनिताच्या हातातलं भांडं वाजलं.

"तुना तर म्हाईत व्हतं," गुणाबाई म्हणाली. "नली घातली तवा तूच बसलीस त्याच्यापाशी. इसरलीस?"

"विसरले नव्हते गं. मी वाचलंच नाही. वाचायची सवयच नव्हती."

"नि तो? तो काय बोलला?"

सामाजीचं वाक्य जिभेवर तयार होतं. गुणाबाईचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते.

"काही नाही बोलला," हॅना म्हणाली. "तो फोनवर होता. त्याने बघितलंसुद्धा नाही."

"तू 'हो' लिवला असतास तर?"

"डॉक्टरांनी पाण्यात उतरू दिलं नसतं."

"म्हंजे मुशीनं नाय नेला."

"नाही."

"नि मी ती सात कापली, त्याचं कायच नाय?"

"काहीच नाही, गुणाबाई. तुझा काडीचा दोष नाही."

गुणाबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडेल, शिव्या देईल, झिंज्या धरील, म्हणून हॅना मान खाली घालून वाट बघत राहिली. तेही चाललं असतं तिला. पण गुणाबाईने हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते.

"विनिता, भात वाड."

विनिता जागची हलेना.

"वाड बोलते ना! मी मराया बसले व्हते. मना वाटलं, मीच खाल्ला माजा पोर. आता मना जगायला पायजे. हिच्या तोंडून ह्ये सगलं पोलिसांपुढं ऐकायचं हाय मना. बोलशील ना गो?"

"बोलेन."

"मंग बस तितंच. उठू नको."

थाळी आली. पहिला घास उचलताना गुणाबाईच्या साडीवर भात सांडला. हॅनाने थाळी धरायला हात पुढे केला. गुणाबाईने तो झटकून टाकला, घास पुन्हा वळला आणि गिळला. विनिताने दुसऱ्यांदा भात वाढला. गुणाबाई जेवत राहिली, आणि हॅनावरची नजर तिने एकदाही काढली नाही.