सहावा चमचा

रेल्वेचे रूळ राखायला आलेली ती जर्मन सुरक्षा डिव्हिजन. शिपाई बहुतेक उतारवयाचे, कुणाला चष्मा, कुणाची कंबर धरलेली. आघाडीवर निभणार नाहीत म्हणून बेलारूसच्या जंगलात धाडलेले. शेजारचं गाव माणसांसकट जाळताना मात्र कुणाची कंबर आड आली नाही.

जंगलातल्या बंडखोराला जो जेवू घालेल त्याचं घर जाळायचं, हा त्यांचा नियम. घरात माणसं किती आणि पानं किती, एवढंच ते बघत.

पितरांच्या संध्याकाळी ते आगापाच्या घरात शिरले. टेबलावर चमचे सहा आणि माणसं दोनच, ती आणि तिची लेक उल्याना.

"बाकीचे कुणाचे?" सार्जंटचा प्रश्न दुभाष्या त्सिमोखने विचारला. तो पलीकडच्याच वाडीतला.

"तुला ठाऊक नाही होय रे? तुझी आई नाही वाढत आज मेलेल्यांना, नावाने बोलावून?"

त्याने ते सार्जंटला समजावलं. सार्जंट एकेका चमच्यावर बोट ठेवत गेला. आगापा सांगत गेली, नवरा यास्प, सासरा, सासू. शेवटच्या चमच्यावर बोट थांबलं.

"काकू, तो विचारतोय, यादीत तुझा मुलगा आहे, तो कुठंय?"

जंगलातल्या बंडखोरांतून जेवायला आलेला मुलगा ल्यावोन कुत्रं भुंकताच गोठ्याच्या माळ्यावर, गवतात शिरला होता. या संध्याकाळी जिवंताचं नाव मेलेल्यांत घ्यायचं नसतं. ज्याला बोलवाल तो त्यांचा होतो. उल्याना भिंतीला चिकटून उभी होती.

"मेला," आगापा म्हणाली. "हा त्याचाच."

त्सिमोखने परवाच ल्यावोनला पाहिलं होतं. त्याने मान खाली घातली आणि शब्द जसाच्या तसा पुढे दिला.

"मग बोलव म्हणतो त्याला, बाकीच्यांना बोलवतेस तसं."

"ल्यावोन," ती म्हणाली, "ये बाबा, जेवून जा."

सार्जंटने अदबीने टोपी काढली. ते निघून गेले.

उल्यानाने भावाला खाली आणलं. उपाशी पोर, आल्या आल्या त्याने चमचा उचलला. आगापाने त्याचं मनगट धरलं.

"तो नको. माझा घे."

"सगळं ऐकलं मी," तो हसत म्हणाला. "आता पुन्हा बोलव की नावाने, जिवंत करून टाक."

"हसू नकोस रे. त्यांना देऊन टाकलं मी तुला. आता मागू कुणाकडे?"