एक वीसला रूट कोण?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमधला दूधवालासुद्धा सांगेल. नोकरीही तसलीच मिळाली. साल १९९४, अंबरनाथचा रंगाचा कारखाना, आणि तिथला कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे. एक युनिक्स मशीन, त्याला सहा टर्मिनल. ‘रूट’चा पासवर्ड फक्त मला ठाऊक. रूट म्हणजे मशीनचा मालक, त्याला कुठलंच दार बंद नाही. बाकीच्यांनी आपापल्या लॉगिनमध्ये नेमून दिलेलं काम करायचं.

तर मी जेवायला गेले की कुणीतरी रूट होत होतं. मशीनच्या नोंदीत स्वच्छ दिसत होतं: अडकलेला प्रिंटर रूटने सुरू केला, एक वाजून वीस मिनिटं. एक वीसला मी कँटीनमध्ये आमटी ओरपत होते.

पासवर्ड बदलला. पुन्हा तेच. मग माहेरच्या कुत्र्याचं नाव उलटं करून ठेवलं, नवऱ्यालाही सुचलं नसतं असं. तरी तेच. पाणी कुठं मुरतंय ते मला कळलं होतं. माझ्या पाठीमागच्या टर्मिनलवर तुळशी बसायची. खरवईच्या शेतकऱ्याची मुलगी, बी.कॉम. होऊन ऑफिसात आलेली घरातली पहिलीच. पुढच्या महिन्यात तिची कायम होण्याची ऑर्डर निघणार होती. माझ्या बोटांवर नजर ठेवायला तिच्याइतकी सोयीची जागा कुणाची नव्हती.

मी कसली थांबते. मॅनेजर विष्णुपंत साहेबांना लेखी कळवून टाकलं, तुळशीने पासवर्ड चोरला. मग तिला गाठलं.

“मॅडम, मला पासवर्ड ठाऊकच नाय,” ती म्हणाली. “लागतच नाय तो.”

“मला शहाणपणा शिकवू नकोस.”

“बसा, दाखवते.”

तिने स्वतःच्या साध्या लॉगिनमधून दहा-बारा ओळींचा प्रोग्राम चालवला. पडद्यावरचं साध्या लॉगिनचं डॉलरचं चिन्ह गेलं, तिथे रूटचं # आलं. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. दोष मशीनच्या गाभ्यातच होता. बनवणाऱ्यांनीच कडी न घालता दार नुसतं लोटून ठेवलं होतं.

“तुमी जेवायला गेलात की प्रिंटर अडकतो, मालाची चलनं निघत नायत, गेटवर ट्रकवाले बोंबलतात. तेवढाच सुरू करायचे. दुसऱ्या कशाला हात नाय लावला.”

नोंदी चाळल्या. खरंच तेवढंच होतं. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, “चल, साहेबांसमोर हेच दाखव. तुझ्यावरचं बालंट जाईल.”

साहेब आले, तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. तिने दाखवलं. # आलं.

“चोरी नाहीच, साहेब,” मी म्हणाले. “दोष मशीनचा. बनवणाऱ्या कंपनीला कळवू, दुरुस्त करून देतील.”

“कळवा. पण किल्लीशिवाय कुलूप उघडणारी बाई मी कायम करू? चोरलेली किल्ली काढून घेता येते, कुंदाताई. हिच्याकडून काय काढून घेणार? हिचं लॉगिन बंद करा. आत्ता, माझ्यासमोर.”

माझाच तक्रारीचा कागद साहेबांच्या हातात होता. तुळशीने उठून मला खुर्ची दिली. तिने उघडलेलं # पडद्यावर तसंच होतं. त्यातूनच मी तिचं लॉगिन पुसलं.

तिने डबा पिशवीत घातला.

“तुमीच म्हणालात, दाखव,” ती म्हणाली.