सोफ्यावर राहिलेला बर्फ

वल्लरीला सव्वा वर्षात दोनदा मेंदूज्वर झाला, दोन्ही वेळा एकाच जातीच्या जंतूने. पाच वर्षांच्या मुलीला एकदा झाला तर आपण नशिबाला बोल लावतो. दोनदा झाला की डॉक्टर कारण शोधायला लागतात. आमच्या डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी आधी तिच्या अँटीबॉडी मोजल्या. त्या भरपूर होत्या. मग त्यांनी कॉम्प्लिमेंटची तपासणी लिहून दिली.

"हे काय असतं?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्ता रुंद करायला जी झाडं काढायची होती, त्यांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले होते. "अँटीबॉडी जंतूला जाऊन चिकटतात, म्हणजे आकडा घालून जातात. करवत घेऊन येतात ती कॉम्प्लिमेंटची प्रथिनं. ती रक्तातच असतात. आकडा दिसला की एकामागून एक जोडली जातात आणि शेवटी जंतूच्या आवरणाला भोक पाडतात. हिच्याकडे आकडे घालणारे आहेत. करवतवाले आहेत का ते बघू."

झाडांची उपमा मला अजिबात आवडली नाही. पण समजलं.

रक्त घ्यायला लॅबकडून घरी आली ती शिवलीला. सुई बघून वल्लरी माझ्यामागे लपली, तर ही चक्क मराठीत म्हणाली, "मुंगी चावल्यागत होतंय बघ, बाळा." इथे कानडी मुलखात, बोम्मसंद्र्याच्या आमच्या सोसायटीत मी वर्षभर वॉचमनशी हिंदीत आणि भाजीवालीशी खुणांनी बोलत आले होते. मला भरूनच आलं.

"निपाणीची हाय मी. तुम्ही अक्का?"

"पुण्याची."

"अय्यो! मग चहा अर्धाच कप मिळणार."

"पूर्ण देते. बस तू."

रक्त घेतल्यावर वल्लरीने रडून घर डोक्यावर घेतलं. शिवलीलाने नळी पेटीत ठेवली आणि पेटीतली बर्फाची पिशवी काढून तिच्या दंडावर धरली. मग चहा झाला, पोहे झाले, निपाणीच्या बाजारापासून तिच्या सासूपर्यंत सगळं झालं. तासाभराने ती पेटी उचलून गेली. दुपारी सोफ्यावर ती पिशवी सापडली, मऊ आणि कोमट. मी, दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारी बाई, ती पिशवी फ्रीजरमध्ये टाकून कामाला लागले.

रिपोर्ट आला. कॉम्प्लिमेंटचं काम जवळपास शून्य. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, नमुना थंड न ठेवल्यास निकाल चुकू शकतो. ती ओळ मी किती वेळा वाचली कोण जाणे.

"डॉक्टरांना सांगून टाक," माझा नवरा अभिमन्यू म्हणाला.

"तिची नोकरी जाईल रे. मीच बसवून घेतलं तिला."

"सुखदा, मुलगी आपली आहे."

मी आधी शिवलीलालाच फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगा अक्का. माझं नाव बी सांगा. बाळाचं खरं काय ते कळू दे."

डॉक्टर चिडल्या नाहीत. "उष्णतेने ही प्रथिनं बिघडतात. स्वल्प गडबडही पुरते. पुन्हा करू, पण इथेच." या वेळी नर्सने नळी बर्फात खोचून नेली आणि मी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत तिच्या मागोमाग गेले.

पुढचे चार दिवस मी खूश होते. आई झाल्यापासून आपल्या हातून काही चुकेल म्हणून मी धास्तावलेली असते. आता मात्र चूक माझीच निघावी, चहाची, पोह्यांची, माझ्या मराठीच्या भुकेची, असं मी देवाला विनवत होते.

निकाल तोच आला. शून्य. पुढच्या तपासणीत कळलं की त्या साखळीतलं सहावं प्रथिन वल्लरीच्या शरीरात तयारच होत नाही. जन्मापासून. त्याच्यावाचून पुढची कडी जुळत नाही आणि भोक पडत नाही.

शिवलीलाला कळवलं. "म्हणजे चूक आपली नव्हती?"

"नव्हती."

"असती तर बरं झालं असतं ओ, अक्का."



डॉक्टरांनी लसी लिहून दिल्या. "करवत आपण आणून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण आकडे घालणारे वाढवता येतात. जंतूवर भरपूर खुणा झाल्या की त्याला गिळणाऱ्या पेशी त्याला लवकर ओळखतात. त्या पेशी हिच्याकडे चांगल्या आहेत. बाकीचं तुमच्याकडे. ताप आला की वाट बघायची नाही."

"किती ताप?"

"कितीही."

लस घेताना वल्लरी ओरडली, मग गाडीत डोळे पुसत म्हणाली, "आता भोक पाडणारे येणार?"

"नाही. ते नाही येणार."

"मग?"

"खुणा करणारे खूप येणार. आणि खाणारे."

"खाणारे मस्त आहेत," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

दोन महिने मी तिला शाळेत पाठवलं नव्हतं. घरात ठेवलं की जंतू येत नाहीत असं थोडंच आहे! पण ते मनाला पटायला वेळ लागला. सोमवारी तिला घेऊन गेले आणि तिच्या वर्गशिक्षिका कावेरी मॅडमच्या हातात डॉक्टरांचं पत्र दिलं. त्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"साधा ताप असला तरी?"

"साधा असला तरी."

"सरी, ठीक आहे. मी लगेच तुम्हाला फोन करते."

वल्लरी तोवर चपला काढून आत पळालीसुद्धा होती.

"मला नंतर करा," मी म्हणाले. "आधी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला निघा. फोन वाटेत."