अकराशे बारा उत्तरं

मोबाइलवरच्या निरोपांच्या कंपनीकडून आलेल्या फाइलमध्ये अकराशे बारा निरोप होते. सहाशे चाळीस 'हो', तीनशे एक 'निघालो', एकशे अठ्ठावन्न 'बघू' आणि एकापेक्षा जास्त शब्दांचे फक्त तेरा. सगळे घड्याळजींनी स्वतः पाठवलेले. बायकोचा एकही नव्हता.

ती जाऊन चार महिने झाले होते. काम झालं की तिचा निरोप पुसून टाकायची घड्याळजींची जुनी खोड. दुकानातल्या टेबलावरही ते एक स्क्रू जास्तीचा राहू देत नसत. तिच्या फोनचा पासवर्ड तिच्याबरोबरच गेला होता. आता तिचे शब्द परत मिळावेत म्हणून त्यांनी वैयक्तिक माहितीच्या कायद्याखाली कंपनीकडे अर्ज केला होता.

फाइल पाहून त्यांनी फोन लावला.

"काका, कायद्यानं तुमची माहिती तुम्हाला मिळते," तिथली मुलगी म्हणाली. "काकूंनी लिहिलेलं ती काकूंची माहिती. त्यांची सही लागेल."

"सही करायला ती असती, तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता, बाई?"

"नियमापुढे माझंही काही चालत नाही हो, काका."

मग घड्याळजींनी वही उघडली. तारीख आणि वेळ पाहून ते प्रत्येक उत्तरासमोर तिचा प्रश्न आठवून लिहू लागले. 'निघालो' सोपं होतं: "कुठे आहात?" त्यांची दाढ काढली त्या दुपारच्या 'हो'समोर त्यांनी लिहिलं, "फार दुखतंय का?"

आठवड्याने यादी संपली. सहाशे चाळीस 'हो'पैकी फक्त चारांचेच प्रश्न आठवले.