सायरन नसलेली स्कूटर

सिग्नल लाल होता आणि बाबांनी स्कूटर सरळ पुढे दामटली.

ठिणगीने डोळे गच्च मिटले. उजवीकडून एक बस किंचाळत थांबली, तिच्या गुडघ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाबांनी चौकापलीकडे स्कूटर थांबवली आणि मागे वळून अगदी साधेपणाने विचारलं,

"सायरन चालू होता ना गं?"

एरवी ठिणगी म्हणजे घरातलं न विझणारं प्रकरण. हे नावही बाबांनीच ठेवलेलं. "गावभरच्या आगी विझवतो, पण हिच्यापुढे हात टेकले," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आज मात्र ती बाबांचा शर्ट मुठीत धरून बसली होती. बाबा अग्निशमन दलाच्या बंबाचे ड्रायव्हर. गेली बारा वर्षं लाल दिवे त्यांच्यासाठी नसतातच. पण ही तर तिला शाळेतून घरी नेणारी स्कूटर होती, आणि क्षणभर ते बाबांना ठाऊकच नव्हतं.

"नव्हता, बाबा."

"हो की." ते हसले. "आईला सांगू नकोस हं."

चोवीस तासांची ड्युटी, आणि बदलीचा माणूस आलाच नाही म्हणून वर आणखी बारा तास. घरी पोचताच ते बुटांसकट पलंगावर कोसळले. आई कामावर गेलेली. ठिणगी दाराशी बसून त्यांची छाती वरखाली होतेय ना ते बघत राहिली. झोपेतसुद्धा त्यांचा उजवा पाय मधूनच दाबला जाई, ब्रेक शोधत असल्यासारखा.

बाहेरच्या खोलीत बाबांचा मोबाइल वाजला. तिने झेप घेऊन तो उचलला.

"अगं, बाबांना दे पटकन!" फायर स्टेशनचे साहेब होते. "लाकडाच्या वखारीला आग लागलीय. गाडी तयार, सहा जण चढून बसलेत, चालवायला माणूस नाही."

"काका, ते आत्ताच आलेत ड्युटीवरून..."

"माहितीय गं. इथे कोण झोपलंय? उठव. तुझ्या बापाला टाचणी पडली तरी जाग येते."

सहा जण. सगळे तिच्या ओळखीचे. त्यांतल्याच एकाने तिला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा तो चौक आला, या वेळी बंबासकट.

"ते घरी नाहीयेत," ती बोलून गेली. "डॉक्टरांकडे गेलेत. झोपेचं दाखवायला. फोन इथेच राहिला."

पलीकडे कुणीतरी ओरडत होतं. साहेब हळूच म्हणाले,

"बरं केलं. दुसऱ्या स्टेशनची गाडी मागवतो. दहा मिनिटं उशीर होईल, बघू."

दहा मिनिटांत लाकूड किती जळतं, हे फायरमनच्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही. ती वळली.

बाबा दारात उभे होते. गणवेशाचा शर्ट अंगात, बटणं एकेक घर चुकलेली, मुठीत स्कूटरची किल्ली. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"बाबा, मी..."

त्यांनी हातानेच थांबवलं. लांबून एक बंब घणघणत आला आणि मोठ्या रस्त्याने पुढे निघून गेला. बाबांचं सगळं अंग तिकडे झुकलं. पाय मात्र जागचे हलले नाहीत. आवाज पार विरेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

मग त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, आणि बटणं सोडून पहिल्यापासून लावायला घेतली.

"चालत जाऊ," ते म्हणाले. "किती वाजेपर्यंत बसतात गं ते डॉक्टर?"